मातीत उरलेला किल्ला : हेन डोमेन आणि नॉर्मन मातीकामांचे वाचन

घटकाची उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

- मॉट आणि बेली या पद्धतीच्या नॉर्मन किल्ल्याची रचना सांगता येईल.
- मातीचा उंचवटा, खंदक आणि बांध यांवरून कोणते निष्कर्ष काढता येतात व कोणते येत नाहीत, हे स्पष्ट करता येईल.
- वेल्समधील हेन डोमेन या स्थळाच्या आधारे लिखित साधने आणि उत्खनन यांचा परस्परसंबंध मांडता येईल.

१. प्रस्तावना

किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दगडी तट, बुरुज आणि दरवाजे उभे राहतात. त्यामुळे दगड नसलेल्या किल्ल्याची कल्पना करणे अवघड जाते. परंतु ११व्या आणि १२व्या शतकांत नॉर्मन सरदारांनी इंग्लंड आणि वेल्समध्ये जे किल्ले उभारले, त्यांपैकी बहुसंख्य माती आणि लाकूड यांचे होते. लाकूड कुजले, जळले किंवा लोकांनी काढून नेले. मागे राहिली ती माती. आज या स्थळांवर गवताने झाकलेला एक उंचवटा, त्याभोवती बुजत आलेला खंदक आणि शेजारी बांधाने वेढलेली सपाट जागा एवढेच दिसते. अशा अवशेषांना पुरातत्त्वात ‘मातीकाम’ म्हणतात.

एकट्या मॉटच धरल्या, तरी इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून त्यांची संख्या ७००हून अधिक भरते. त्यांपैकी फार थोड्या ठिकाणी काळजीपूर्वक उत्खनन झाले आहे. बाकी सर्व ठिकाणी अभ्यासकाला मातीचा आकार पाहूनच बोलावे लागते. म्हणून या घटकाचा मुख्य प्रश्न असा आहे : जमिनीवर दिसणारा आकार आपल्याला किती सांगतो, आणि त्यावर विसंबून आपण कुठे फसू शकतो?

२. मॉट आणि बेली : मूलभूत रचना

या पद्धतीच्या किल्ल्याचे दोन मुख्य भाग असतात.

*मॉट.* हा माणसांनी रचलेला, वर सपाट केलेला शंकूच्या आकाराचा मातीचा उंचवटा. त्याच्या माथ्यावर लाकडी मेढेकोट आणि बहुधा एक लाकडी मनोरा असे. मूळ शब्द फ्रेंच आहे. इंग्रजीत पुढे हाच शब्द थोडा बदलून पाण्याच्या खंदकासाठी रूढ झाला. म्हणजे उंचवट्याचे नाव खड्ड्याला मिळाले. याचे नवल वाटायला नको, कारण दोन्ही एकाच खोदकामातून तयार होतात.

*बेली.* हे मॉटच्या पायथ्याशी असलेले आवार. त्याभोवती खंदक, खंदकाच्या आत मातीचा बांध आणि बांधावर मेढेकोट असे. दिवाणखाना, कोठारे, तबेले, स्वयंपाकघर, प्रार्थनागृह आणि शिबंदीची घरे बेलीत असत. बेलीतून मॉटवर जाण्यासाठी खंदकावर लाकडी पूल असे.

विल्यमने १०६६ मध्ये इंग्लंडवर स्वारी केली, तेव्हा उतरल्या उतरल्याच अशी बांधकामे सुरू झाली. बायो येथील प्रसिद्ध भरतकामाच्या पटावर हेस्टिंग्ज येथे फावडी घेऊन उंचवटा रचणारी माणसे दाखवली आहेत. हा उंचवटा वेगवेगळ्या थरांनी बनलेला दिसतो. जिंकलेल्या मुलखात थोड्या सैन्याला लवकर सुरक्षित जागा हवी होती. दगडी किल्ल्याला खाणी, गवंडी आणि अनेक वर्षे लागतात. मातीच्या किल्ल्याला लागतात फावडी, टोपल्या, जवळचे जंगल आणि राबवता येतील अशी माणसे. ही माणसे बहुधा जिंकलेल्या गावांतीलच असत.

३. उंचवट्याचे गणित

मातीकामाचा पहिला उपयोग श्रमांचा अंदाज घेण्यासाठी होतो. आपण एक काल्पनिक उदाहरण सोडवू. समजा, एका मॉटची उंची ८ मीटर, पायथ्याचा व्यास ४० मीटर आणि माथ्याचा व्यास १० मीटर आहे. छिन्नशंकूच्या सूत्राने तिचे घनफळ असे येते :

घनफळ = (π × ८ ÷ ३) × (२०² + २० × ५ + ५²) = सुमारे ४,४०० घनमीटर.

एक माणूस दिवसाला खणणे, वाहणे आणि चोपणे धरून २ घनमीटर काम करतो असे मानले, तर २,२०० मनुष्यदिवस लागतील. ५० माणसे लावली तर हे काम ४४ दिवसांचे आहे. दोन घनमीटर हा आकडा आपण सोयीसाठी धरला आहे. माती खडकाळ असेल किंवा पाऊस असेल तर तो खाली येईल. तरीही प्रमाण लक्षात येते : असा उंचवटा एका हंगामात उभा राहू शकतो.

आता याच मॉटभोवती ९ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल, तळाशी निमुळता होत जाणारा खंदक आहे असे समजा. त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ १३.५ चौरस मीटर आणि मध्यरेषेची लांबी सुमारे १५४ मीटर. म्हणजे खंदकातून निघालेली माती सुमारे २,०८० घनमीटर. उंचवट्याला लागणाऱ्या मातीच्या निम्मीसुद्धा नाही. मग उरलेली माती कुठून आली? बेलीच्या खंदकातून आणली असेल, आजूबाजूची जमीन खरवडून घेतली असेल किंवा मुळातच असलेल्या नैसर्गिक उंचवट्यावर भर घातली असेल. शिवाय आज दिसणारा खंदक गाळाने भरलेला असतो. तो मूळ खंदकाइतका खोल नसतो. एवढ्याशा हिशेबाने मोजणी करणाऱ्याला नेमके काय शोधायचे ते कळते.

४. हे उंचवटे कोणाचे? एक जुना वाद

केवळ आकारावर विसंबल्याने काय होते, याचे उदाहरण या विषयाच्या इतिहासातच आहे.

१९व्या शतकातील ब्रिटिश किल्ल्यांचे मोठे अभ्यासक म्हणजे जॉर्ज टी. क्लार्क. ते व्यवसायाने इंजिनिअर होते. १८४०च्या दशकात ते मुंबईत होते, आणि मुंबई–ठाणे रेल्वेच्या प्रारंभिक योजनेशी त्यांचे नाव जोडलेले आहे. मायदेशी परतल्यावर त्यांनी शेकडो किल्ले पाहिले, मोजले आणि १८८४ मध्ये इंग्लंडच्या मध्ययुगीन लष्करी वास्तूंवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे होते की मॉट नॉर्मनांच्या आधीच्या, म्हणजे अँग्लो-सॅक्सन काळातल्या आहेत. जुन्या अँग्लो-सॅक्सन बखरीत १०व्या शतकातील राजघराण्याने ‘बुऱ्ह’ बांधल्याच्या नोंदी आहेत. त्यांपैकी अनेक गावांत असे उंचवटे दिसतात. तेव्हा उंचवटा म्हणजेच बुऱ्ह, असा त्यांचा तर्क.

या मताला आव्हान देणाऱ्यांमध्ये एला आर्मिटेज यांचे काम निर्णायक ठरले. १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश बेटांतील आरंभीच्या नॉर्मन किल्ल्यांवरील पुस्तकात त्यांनी एकेका किल्ल्याच्या लिखित नोंदी आणि जमिनीवरील अवशेष शेजारी ठेवून तपासले. त्यांच्या युक्तिवादाचे तीन मुद्दे लक्षात ठेवण्याजोगे आहेत.

- बुऱ्ह ही तटबंदीची वस्ती होती. तिच्यात गावातील आणि परिसरातील लोक आश्रय घेत. मॉटचा माथा मात्र एखाद्या सरदाराला आणि त्याच्या मोजक्या माणसांना पुरेल एवढाच असतो. ज्या समाजाला सगळ्यांसाठी तट हवा, तो एकट्यासाठी उंचवटा रचत नाही.
- मॉट नॉर्मंडीत आढळतात, आणि नॉर्मन सरदार जिथे जिथे गेले त्या वेल्स, स्कॉटलंड व आयर्लंड येथेही आढळतात.
- जे किल्ले नॉर्मनांनी बांधल्याचे समकालीन कागद सांगतात, त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी मॉटच आहे.

क्लार्क यांची मोजमापे निष्काळजी नव्हती. चूक होती ती एका गृहीतात : एका गावात बुऱ्हची नोंद आहे आणि उंचवटाही आहे, म्हणून दोन्ही एकच. एकाच जागी वेगवेगळ्या काळांतल्या गोष्टी असू शकतात, हे ते विसरले. हा दोष आजही विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत सहज सापडतो.

५. हेन डोमेन : कागदांतला किल्ला

आता एका स्थळाकडे वळू. वेल्स हा ब्रिटन बेटाचा पश्चिमेकडील डोंगराळ भाग. त्याच्या पूर्व सीमेवर, पॉविस परगण्यात मॉन्टगोमेरी हे लहान गाव आहे. गावापासून सुमारे दीड किलोमीटरवर झाडीत दडलेला एक मॉट-बेली किल्ला आहे. वेल्श भाषेत त्याला ‘हेन डोमेन’ म्हणजे ‘जुना उंचवटा’ म्हणतात.

इथे किल्ला का, याचे उत्तर जवळच्या सेव्हर्न नदीत आहे. नदीला इथे उतार होता आणि वेल्सच्या अंतर्भागात जाणारी वाट त्यावरून जाई. रोमन सैन्यानेही आपला एक तळ याच परिसरात ठेवला होता. उतार ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती ये-जा.

लिखित साधनांतून किल्ल्याची कथा थोडक्यात अशी मिळते. श्रूझबरीचा अर्ल रॉजर द मॉन्टगोमेरी याने १०७०च्या दशकाच्या सुमारास तो बांधला आणि नॉर्मंडीतील आपल्या मूळ ठिकाणाचे नाव त्याला दिले. १०८६च्या डूम्सडे नोंदवहीत हा किल्ला आहे. आसपासची जमीन पूर्वी ओसाड होती आणि तिचा उपयोग शिकारीसाठी होई, असेही तीत म्हटले आहे. १०९५ मध्ये वेल्श सैन्याने किल्ला घेतला आणि आतील शिबंदी कापून काढली. रॉजरचा मुलगा रॉबर्ट याने ११०२ मध्ये राजा पहिला हेन्री याच्याविरुद्ध बंड केले आणि जहागीर गमावली. त्यानंतर किल्ला बाल्डविन द बुलर याच्याकडे आला. त्याच्या घराण्याने तो सुमारे शंभर वर्षे सांभाळला. मॉन्टगोमेरीचे वेल्श नाव ‘ट्रेव्हाल्डविन’, म्हणजे बाल्डविनचे गाव, हे त्याचीच आठवण आहे.

१२२३ मध्ये राजा तिसरा हेन्री याच्या कारकिर्दीत जवळच्या खडकाळ टेकडीवर नवा किल्ला सुरू झाला. तो पुढे दगडात बांधला गेला, आणि ‘मॉन्टगोमेरी’ हे नाव त्याच्याबरोबर तिकडे गेले. जुना किल्ला काही काळ नदीच्या उतारावर नजर ठेवणारी चौकी म्हणून वापरात राहिला असावा. १२६७ मध्ये इंग्लंडचा राजा आणि वेल्सचा राजपुत्र लिवेलिन यांच्यातला प्रसिद्ध तह याच उतारापाशी झाला. १३०० च्या सुमारास मात्र जुन्या जागेचा वापर संपला होता.

कागद इथे थांबतात. किल्ला कोणाचा होता हे ते सांगतात. तो कसा दिसत होता आणि आत लोक कसे राहत होते, याबद्दल ते जवळजवळ गप्प आहेत.

६. हेन डोमेन : मातीतला किल्ला

१९६० मध्ये फिलिप बार्कर यांनी येथे उत्खनन सुरू केले. पुढे रॉबर्ट हायम त्यांच्याबरोबर आले. काम दरवर्षी उन्हाळ्यात थोडे थोडे करत १९९२पर्यंत चालले. एवढ्या वर्षांत खोदला तो मुख्यतः बेलीचा उत्तरेकडचा अर्धा भाग. हा वेग मुद्दाम पत्करलेला होता.

त्याआधी किल्ल्यांच्या उत्खननात अरुंद चर खणण्याची पद्धत सर्रास होती. चरात दगडी भिंत आडवी आली की तिचा माग काढत जायचे. लाकडी इमारतींना ही पद्धत निरुपयोगी आहे, कारण तिथे सापडतात ते खांबांचे खड्डे, आणि अरुंद चरात त्यांपैकी एखादाच दिसतो. त्या एका खड्ड्यावरून घर कळत नाही. लाकडी तुळई जमिनीवर आडवी टाकून तिच्यावर भिंत उभारली असेल, तर खड्डाही राहत नाही. मागे राहतो मातीच्या रंगातील किंचित फरक, किंवा खड्यांच्या फरशीची अचानक सरळ संपणारी कड. बार्कर यांनी म्हणून मोठा भाग एकाच वेळी उघडला, तो लहान थापीने पातळ थरांत खरवडला आणि पृष्ठभागावरील खडे न् खडे नकाशावर घेतले. एवढ्या बारकाईने पाहिल्यावर तीन महत्त्वाच्या गोष्टी हाती आल्या.

*पहिली : रिकामी वाटणारी बेली दाटीवाटीची होती.* आज तिथे फक्त असमान गवताळ जमीन दिसते. उत्खननात वेगवेगळ्या टप्प्यांतील डझनावारी लाकडी इमारती सापडल्या. सुरुवातीच्या टप्प्यात जाड लाकडांची भक्कम बांधकामे होती. मॉटच्या पायथ्याशी, पुलासमोर एक मोठी इमारत होती. १२व्या शतकात बुलर घराण्याच्या काळात बेली घरांनी गच्च भरली. त्यांतील एक इमारत प्रार्थनागृह असावी. इमारती पडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. मॉटकडे जाणारा पूलही एकाहून अधिक वेळा नव्याने बांधला गेला. बाहेरून दिसणाऱ्या मातीच्या आकारावरून यांतले काहीच ओळखता आले नसते.

*दुसरी : सरदाराचा किल्ला, पण वस्तू गरिबीच्या.* भांड्यांचे तुकडे, धातूच्या वस्तू आणि नाणी येथे फार कमी सापडली. केवळ सापडलेल्या वस्तू पाहून निष्कर्ष काढला असता, तर इथे साधी माणसे राहत होती असे म्हणावे लागले असते. कागद मात्र राज्यातील बड्या सरदाराचे नाव सांगतात. याचा अर्थ दोहोंपैकी एक साधन खोटे आहे असा नाही. सीमेवरच्या ठाण्याची श्रीमंती लाकूडकामात, घोड्यांत, कापडात आणि माणसांवरच्या हुकमतीत असू शकते, आणि या गोष्टी मातीत टिकत नाहीत. उलट, जळलेला किंवा घाईने सोडलेला किल्ला पुष्कळ वस्तू मागे ठेवतो. सावकाश रिकामा केलेला किल्ला फारसे काही ठेवत नाही.

*तिसरी : किल्ल्याखाली शेत होते.* बांध आणि बेलीच्या मातीखाली जुनी जमीन जशीच्या तशी दबून राहिली होती. तिच्यावर नांगरटीचे सरी-वरंबे ओळखता आले. म्हणजे नॉर्मन येण्याआधी इथे कोणी तरी शेत कसत होते. डूम्सडे नोंदवही हीच जमीन ओसाड आणि शिकारीची म्हणते. दोन्ही विधाने खरी असू शकतात : शेत आधी होते, सीमेवरच्या धामधुमीत ते पडीक पडले आणि मग त्यावर किल्ला आला. ज्या बांधाने शेतावर कायमचा ताबा घेतला, त्यानेच ते शेत ९०० वर्षे जपून ठेवले. नांगर चालवणाऱ्यांचे नाव कुठल्याही नोंदीत नाही. त्यांचा पुरावा एवढाच.

७. सोडून दिल्यानंतर मातीचे काय होते?

किल्ला सोडल्यावर मातीकाम स्थिर राहत नाही. मेढेकोट कुजला की बांधाची माती दोन्ही बाजूंना घसरते. खंदकाच्या तीव्र कडा ढासळतात, तळाशी गाळ साचतो आणि खंदक उथळ, पसरट होतो. काही शतकांनी उतार इतके सौम्य होतात की आज सहज चढता येणाऱ्या उंचवट्यावर कधी काळी चढणे जिवावरचे होते, हे पटत नाही.

यापुढे धोका नैसर्गिक कमी आणि माणसांचा व जनावरांचा अधिक असतो. गुरांच्या पायांनी उतार फुटतात, ससे बिळे करतात, झाडांची मुळे थर फोडतात. सर्वांत मोठे नुकसान नांगराने होते. बेली सपाट असल्याने ती शेतात सामील करून घेण्याचा मोह होतो. काही हंगामांची खोल नांगरट झाली, की खड्यांची फरशी आणि तुळईच्या खुणा नाहीशा होतात. मॉट मात्र उभी राहते. पाहणाऱ्याला किल्ला शाबूत आहे असे वाटते, प्रत्यक्षात त्याचा लोकवस्तीचा भाग गेलेला असतो. हेन डोमेन आज कायद्याने संरक्षित स्मारक आहे. उत्खनन हाही एक प्रकारचा नाशच असतो, कारण एकदा खरवडलेला थर परत ठेवता येत नाही. म्हणून न खोदलेला दक्षिण भाग हा पुढच्या पिढीच्या चांगल्या पद्धतींसाठी ठेवलेला साठा समजावा.

८. मातीकाम वाचताना

अशा स्थळाचा नकाशा, हवाई छायाचित्र किंवा प्रत्यक्ष जागा पाहताना पुढील क्रम उपयोगी पडतो.

- आधी आकार नोंदवा, नाव नंतर द्या. ‘वर सपाट, सुमारे ८ मीटर उंच, भोवती खंदक’ ही नोंद आहे. ‘नॉर्मन मॉट’ हा निष्कर्ष आहे.
- एकमेकांवर काय आहे ते पाहा. बांध जर सरी-वरंब्यांना झाकत असेल, तर शेत आधीचे. सरी-वरंबे बांधावरून जात असतील, तर शेत नंतरचे.
- सकाळी किंवा संध्याकाळी सूर्य खाली असताना पाहा. लांब सावल्यांत अगदी उथळ उंचसखलपणाही उठून दिसतो. विमानातून सोडलेल्या लेसर किरणांनी केलेल्या मोजणीत झाडीखालची जमीनही दिसते.
- जागा का निवडली असेल ते विचारा : नदीचा उतार, रस्ता, जुनी वस्ती की सीमा.
- ‘इथे काही नाही’ असे लिहू नका. ‘पृष्ठभागावर काही दिसत नाही’ असे लिहा.

सारांश

नॉर्मन मातीकामांचा आकार आपल्याला जागेची निवड, संरक्षणाची रचना आणि गुंतलेले श्रम यांविषयी बरेच सांगतो. काळ सांगताना तो एकटा पुरत नाही, हे क्लार्क–आर्मिटेज वादातून दिसते. आतील जीवनाविषयी तो जवळजवळ मूक असतो, हे हेन डोमेनच्या ३२ वर्षांच्या कामाने दाखवले. कागदांत सरदारांची नावे मिळतात, मातीत घरे आणि शेते मिळतात. दोन्ही वाचल्याशिवाय किल्ल्याचा इतिहास पुरा होत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. एका मॉटची उंची ६ मीटर, पायथ्याचा व्यास ३० मीटर आणि माथ्याचा व्यास १० मीटर आहे. तिचे घनफळ काढा आणि ४० माणसांना किती दिवस लागतील याचा अंदाज करा. तुम्ही धरलेले गृहीत स्पष्ट लिहा.

२. क्लार्क यांच्या तर्कातील त्रुटी तुमच्या शब्दांत मांडा. अशीच त्रुटी संभवेल असे तुमच्या परिसरातील एखादे उदाहरण द्या.

३. हेन डोमेन येथे कमी वस्तू सापडल्या, यावरून तेथील रहिवासी गरीब होते असा निष्कर्ष का काढता येत नाही?

४. डूम्सडे नोंदवहीतील ‘ओसाड जमीन’ आणि उत्खननातील सरी-वरंबे यांची सांगड कशी घालाल?